शून्य तपासताना

महापेच्या शेडमध्ये खोकं उघडलं.
ओझोन मोजणारं यंत्र, उत्तर ध्रुवाजवळ
आठ महिने राहून आलेलं.
सोबत टिपणीस मॅडमची चिठ्ठी:
एप्रिलच्या नोंदी बघ. शून्य येतंय.
पंप गेला असेल.

पंप गेला नव्हता.
पाऱ्याचा दिवा जांभळट, शाबूत.
कोरडी, निव्वळ हवा दिली, शून्य दाखवलं.
अब्जात चाळीस भाग दिले, चाळीस.
एवढ्या लांबून आलेलं,
खोटं बोलायची सवय लागलेली नव्हती.

मग बसले वाचत, मिनिटामिनिटाच्या ओळी.
रात्रभर अडतीस, सदतीस, अडतीस.
सूर्य बोटभर वर आला
आणि पंचवीस. अकरा.
तीन.
हे आभाळातलं छत्र नव्हे,
हा जमिनीलगतचा ओझोन,
आपण नाकाने घेतो तो.
दुपारी तिथे काहीच उरलं नव्हतं.

घरी बापाला सांगितलं. घणसोलीच्या मिठागरात
सतरा वर्षं फावडं ओढलेला माणूस.
म्हटलं, समुद्राचं मीठ बर्फावर बसतं,
त्यात थोडा ब्रोमीन.
ऊन लागलं की एक कण उठतो,
ओझोनचा घास घेतो, परत बर्फाला शिवतो
आणि तिथून जोडीदार घेऊन येतो.
त्या दोघांचे चार.

"मीठ उचलल्यावर वाफ्यात पाणी उरायचं,"
तो म्हणाला. "कडू. बांधाबाहेर सोडायचो.
त्यातलाच हा?"
त्यातलाच.
"म्हणजे उधाण."
हो, पण वरून वारा उतरला
की दोन दिवसांत पुन्हा अडतीस.
"मग तू दुरुस्त काय करणार?"

मी जेवत राहिले.

खिशात फिल्टरचा जुना कागद होता,
रुपयाएवढा, कडेला पांढरी किनार.
त्याने मागितला, दिव्याखाली धरला.
जीभ लावू नका म्हणेपर्यंत
लावून झाली होती.
जरा वेळ डोळे मिटून बसला,
पावसाळ्याआधी शेवटच्या राशीपाशी बसायचा तसा.
"आपलं नाय हे," म्हणाला,
"कोवळं हाय. ऊन कमी लागलंय."

सकाळी अहवालात लिहिलं:
यंत्रात दोष आढळला नाही.
खाली शेऱ्याची चौकट होती.
तिथे पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं,
निळा ठिपका पडला,
तो खोडला नाही.