पन्हळ

चाकोच्या मातीत पाणी खारं.
म्हणून आमच्या वसाहतीत
प्रत्येक पत्र्याला पन्हळ, पन्हळीखाली टाकी.

माझा बाप कोर्नेलियुस दर शनिवारी शिडी लावायचा,
आभाळ कोरडं ठाक असलं तरी.
पाला, काड्या, एकदा मेलेला सरडा.
"यानं पाऊस येतो का?" मी खालून विचारलं.
"छे. तो कृपेनंच येतो,"
म्हणाला, आणि आणखी मूठभर पाला खाली टाकला.

आता मी चढते.
खरं सांगू, टाकीसाठी नाही.
समोरून टीना फ्रीझेन बघते म्हणून.
कोर्नेलियुसची लेक आळशी निघाली
असं उपासनेनंतर दारात कुणी म्हणू नये म्हणून.

परवा खांदा धरला.
अर्धी पन्हळ तशीच ठेवून उतरले,
आणि त्याच रात्री कोसळला,
मोकळ्या अर्ध्यातून टाकीत,
तुंबल्या अर्ध्यावरून भिंतीवर, शेणावर,
टीनाच्या कुंपणापलीकडं, कुणाच्याच नसलेल्या काट्यांवर.

सकाळी बादली सोडली.
पाणी गोड.
मी कशासाठी चढले होते
ते त्यानं विचारलं नाही.
मीच विचारत बसले,
बादली कलंडून पाय भिजेपर्यंत.

मग शिडी लावली.
टीनाचा पडदा अजून ओढलेला होता.