पांघरूण

वॉर्डाच्या दारावरची पाटी नवीन आहे.
मिस्टर प्रॉसरनी ती आधी चष्म्याशिवाय वाचली,
मग चष्मा लावून.
"पॅलिएट," म्हणाले, "लॅटिनातून आलंय.
पॅलियम म्हणजे अंगावर ओढायचा झगा.
म्हणजे पांघरूण घालणं, हेउलवेन.
बरं नाही करत तुम्ही. झाकता."

मी सिरिंजमधला बुडबुडा वर आणत होते.

रात्रीचे सव्वातीन.
दुखणं याच सुमाराला येतं, पाळीवर यावं तसं,
दिवा कपाळाला बांधून.
मॉर्फिननं ते जात नाही. कोपऱ्यात स्टूल घेऊन बसतं.
खिडकीबाहेर वेल्समधली ही दरी, काळीभोर.
खाणीतला दगडमाती टाकून टाकून झालेली टेकडी
आता हिरवी झालीय, तिच्यावर मेंढ्या चरतात.
नवखा माणूस तिला डोंगरच समजतो.

"एकदा वापरलाय मी हा शब्द.
बासष्ट साली. तिसऱ्या थरातले लाकडी धिरे कुजलेले.
बोट खुपसलं की आत जायचं.
अहवालात मी लिहिलं,
मॅनेजरची हयगय पॅलिएट करता येण्याजोगी आहे.
तेव्हा चालायचं तसं, गुन्ह्यांनाही.
अक्षर सुरेख होतं माझं.
अकराव्या दिवशी दोघे गेले.
एक सोळा वर्षांचा, लुइड.
दुसऱ्याचं नाव..."

नाव आठवेना त्यांना.
मला वाटलं, आठवत असावं.

एखादा शब्द किती वर्षं उन्हात टाकला
म्हणजे त्याचा वास जातो?
आमच्याकडे तो फॉर्मवर असतो,
देणगीच्या डब्यावर, चहाच्या मगवर.
कुणाच्या हाताला काही लागत नाही.

सुई दिली.
रजई गळ्यापर्यंत ओढायला गेले
तर त्यांनी मनगट धरलं.
"वर नको."
एप्रिल असून गारठा होता.
मी फक्त पाय झाकले, दोन गार, निळसर पाय,
आणि रजईची कड गादीखाली खोचली.
छाती उघडी राहिली. तोंडही.
उजाडेपर्यंत बोलत होते.
मध्येच वेल्शमध्ये, मध्येच नुसते आकडे,
फुटांचे, इंचांचे.

सकाळी वहीत मी नोंद केली:
वेदना कमी. झोप नाही.
सही करायला पेन टेकवलं, उचललं,
आणि समासात, जिथं काही लिहायचं नसतं,
तिथं लिहिलं:
दुसऱ्याचं नाव गेथिन बोवन.