बर्फ न आलेला दिवस

पहाटे साडेचारला डोंगे घाटाला लागतात.
आधी आवाज येतो, वल्ह्याचा नाही,
खोकल्याचा. दसरू नान्हेचा खोकला
दसरूच्या आधी काठावर पोचतो.
मग टॉर्चचा पिवळा ठिपका,
मग मी लिहिते: डोंगा क्रमांक सात.

मी सावरटोल्याच्या मच्छीमार संस्थेची वहीवाली.
वजन, भाव, उचल, जमा, हे चार रकाने
आणि कडेला पाचवा, चिंचोळा: बर्फ.

चैत लागला होता. धरण इतकं उतरलेलं
की मागल्या वर्षीचा घाट टेकडीवर गेल्यासारखा दिसे.
मासोळी डोहात गोळा झालेली,
ती जाळ्यात आली खच्चून:
कतल्याची थोराड डोकी, रोहूचे लालसर पंख,
चार मरळ, गोणपाटात बांधलेल्या, कारण त्या चालू लागतात,
आणि तळाशी झिंग्यांचा ओला, उडता ढीग.
एकशे ब्याऐंशी किलो.
सुकराम वलथरे तोंडात खर्रा असूनही हसला.

सहा वाजले. साडेसहा.
वळणावर पिकअपचा हॉर्न नाही.
मग मुनीरभाईंचा फोन:
रात्रभर लाइन नव्हती, कारखान्याचं मशीन बसलं,
बर्फच नाही तर गाडी कशाला पाठवू, तुम्हीच सांगा.
कोणी काही सांगितलं नाही.

उन्हाला हे आधीच कळलं असावं.
सातलाच ते काठावर येऊन बसलं
गिऱ्हाइकासारखं, कल्ले उचलून बघत.

विकायची कोणाला? सारं गाव
मोहफुलं वेचायला रानात गेलेलं.
दसरू म्हणाला, सोडून देऊ पाण्यात.
"मेलेली मासोरी पवत नाही रे," रायवंता म्हणाली, "फुगते."
तिने टोपलीत पळसाची पानं अंथरली,
वर रोहू, वर भिजवलेलं पोतं,
आणि डोक्यावर घेऊन चालती झाली.
कोणाला विचारलं नाही.
मागोमाग झमीता, फुलन, सुकरामची सासू,
सगळ्यांच्या शेवटी मी,
वही प्लास्टिकच्या पिशवीत, वजनकाटा खांद्यावर.

मोहाखाली जागा झाडून ठेवलेल्या,
फुलं पडत होती, एक इथे, एक तिथे,
बाया वाकलेल्या, पोरं डाल्यांत झोपलेली.
"मासोरी घे वं!"
"पैसे कुठून देऊ रानात?"
"मांगतले कोनं? फुलं दे."

मग कतल्याला दोन पायल्या,
रोहूला दीड, झिंग्यांना ओंजळ बघून.
एकीने मरळ घेतली, ती गवतातून चालू लागली,
तिच्यामागे पाच बाया नि एक कुत्रं.
वजनकाटा मी खांद्यावरून उतरवलाच नाही.
भावाच्या रकान्यात लिहिलं: फुलं.
खोडलं. पुन्हा लिहिलं.

दुपारी उरलेली मासोळी घरोघर वाटली,
ज्यांच्याशी संस्थेचं भांडण आहे त्यांच्याही.
त्या रात्री टोल्यात एकाही चुलीवर
दुसरं काही शिजलं नसेल.

फुलं वाळवायला एवढी चादर कुठली?
घाटावर जाळी पसरली होती कोरडी,
तिच्यावरच ओतली.

दुसऱ्या दिवशी बर्फ आला, दुप्पट, चार लाद्या,
भुशात गुंडाळलेल्या, मुनीरभाई स्वतः सोबत.
"डोंगे कुठे आहेत?"
डोंगे बांधलेले होते. जाळ्यांवर मोह वाळत होता
आणि रायवंता हातात काठी घेऊन
शेळ्या हाकत बसली होती.
मुनीरभाई काही वेळ बघत राहिले.
मग एक फूल उचलून तोंडात टाकलं,
आणि पोरांनी लादीचा कोपरा फोडला तेव्हा ओरडले नाहीत.

मे महिन्यात ऑडिटचे साहेब आले.
त्या पानावर पेन्सिलीचं गोल करून म्हणाले, बाई, हे काय?
मी सांगायला लागले, दसरूच्या खोकल्यापासून.
त्यांनी घड्याळात पाहिलं.
पान नाकाजवळ नेलं, का कोण जाणे,
आणि उलटलं.