जागं मीठ

रात्री अकराला आम्ही आरसे धुवायला निघतो.
दिवसा काच तापलेली असते, थेंब पडला
की डाग ठेवून उडून जातो. म्हणून रात्री.
ट्रक मी चालवतो. मागे टाकी,
टाकीला दोन लांब हात, हातांना फिरते ब्रश.
शेजारी हद्दू. तो पहिल्या रांगेला झोपतो
आणि चाळिसाव्या रांगेला उठून विचारतो,
झालं का?

नाही झालं. होत नाही.
वारझाझातच्या या पठारावर एवढ्या रांगा आहेत
की शेवटची धुऊन होईस्तोवर
पहिलीवर सहारा येऊन बसलेला असतो,
पाहुण्यासारखा, चपला न काढता.

किती पाणी लागतं रे, आई विचारते.
मी आकडा सांगतो. तिला आकडा नको असतो.
म्हणजे किती शेळ्यांचं?
आपल्याकडे होत्या त्याहून जास्त, इट्टो.
(लाडात आलो की मी तिला नावानं हाक मारतो.)
होत्या, म्हणते ती,
आणि तिथेच थांबते.

ही जमीन कुणा एकाची नव्हती,
म्हणजे सगळ्यांची होती. कागदावर ओसाड.
कागद घेऊन आलेल्या माणसाला आईने चहा दिला,
मग बोट धरल्यासारखं त्याला माळावर फिरवलं:
हे झुडूप पोटदुखीवर,
हे व्यालेल्या शेळीला,
हे कशालाच नाही, नुसतं वासाला.
त्याने सगळं ऐकून घेतलं, अदबीनं,
आणि लिहिलं: वनस्पती विरळ.

पहिल्या दिवशी इंजिनियर सफियाने
आम्हाला त्या दोन गोल टाक्या दाखवल्या.
आत मीठ आहे, म्हणाली, वितळलेलं.
आरसे तेल तापवतात, तेल मिठाला तापवतं,
सूर्य गेला तरी ते ऊन धरून ठेवतं,
रात्री त्याच्यावरच वाफ होते, चाकं फिरतात.
खायचं मीठ नव्हे हं, कुणी चाखू नका.
हद्दू हसला.
मी टाकीकडे बघत राहिलो.
खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं
मी पाहिली होती, चारदोन.
इथे मीठच जागत होतं,
खाल्ल्या उन्हाला.

मार्चमधल्या वादळात काही आरसे फुटले.
भाकरीएवढा एक तुकडा मी घरी आणला,
किंचित वाकलेला.
आईने त्यात तोंड पाहिलं. ही कोण जाडी?
म्हणाली, आणि ठेवून दिला खिडकीत.
दुपारी करपल्याचा वास आला.
समोर दोरीवर माझा युनिफॉर्म वाळत होता,
त्याच्या छातीवर, कंपनीच्या नावाखाली,
एक सरळ काळी रेघ, धुमसणारी.
आई हसायला लागली. हसता हसता खाली बसली.
शेळ्या विकल्यापासून
एवढी हसलेली मी पाहिली नव्हती.
म्हणाली, हा अजून माणसाळलेला नाही रे,
नुसता दावणीला बांधलाय.
रेघेवर तिने लोकरीचा टाका घातला, तपकिरी.
सुपरवायझरने विचारलं, हे काय?
चावला, मी म्हणालो.
कोण?
मी वर बोट दाखवलं. रात्र होती.

आता तीन वाजलेत. ओल्या आरशांत
तारे आडवे ताणले जातात, पिठाच्या बोटांसारखे.
टाक्या गप्प आहेत, पण जवळ गेलं
की गालाला कळतं.
तारा डोंगरावर चढून पलीकडे उतरतात,
कासाब्लांकाकडे म्हणतात,
मी गेलेलो नाही.
खाली गावात एकच दिवा:
आई उठली.

तो दिवा आपल्याच उन्हाचा का, तिने विचारलं होतं.
तारेला विचार, म्हणालो.

सहाला मी घरी पोचतो,
डोळ्यांवर फडकं बांधून पडायच्या आधी
गरम भाकरी, ऑलिव्हचं तेल, चहा.
ती समोर बसून बघते.
आज मीठ जरा जास्त झालंय.
मी सांगत नाही.