शेकडा आठ

मसाक्याच्या तांत्रिक शाळेमागे, पत्र्याच्या खोलीत
नांतोंगो कसाव्याची खळ शिजवते आहे.
पांढरं पाणी ढवळता ढवळता
एकाएकी काचेसारखं होतं, पळी जड होते.
तो क्षण आधी मनगटाला कळतो,
थर्मामीटरला मागाहून.

ताटात ओतलेला पापुद्रा दोन दिवसांत वाळतो.
दिसायला देखणा, आरपार वर्तमानपत्र वाचावं असा.
उचलला की मोडतो.
ग्लिसरीन वाढवावं तर इतका मऊ
की स्वतःचंच वजन पेलत नाही.
मोडेन पण वाकणार नाही, असा एक;
वाकेन, म्हणाल तितका वाकेन, असा दुसरा.
सात महिने ती या दोघांच्या मध्ये उभी.

मग केळीचं खोड.
घड उतरल्यावर आडवं पडलेलं,
ओलं, थंड, माणसाच्या मांडीएवढं.
सोपटं सोलून बोथट सुरीने खरवडली,
गर गळून गेला, धागे उरले.
चिकाचे डाग पांढऱ्या सदऱ्यावर पडले,
ते धुऊन अधिकच काळे झाले.
राखेच्या पाण्यात उकळून, पेराएवढे कापून
धागे खळीत सोडले.
पहिल्यांदा हावरटासारखे.
गुठळ्या झाल्या, आणि पापुद्रा तिथेच फाटला.
मग मोजून. शेकडा आठ.

पट्टीला तिने कुलूप टांगलं.
पाना टांगला.
किलोभर साखर टांगली.
पट्टी करकरली, जराशी लांबली,
आणि राहिली.
नांतोंगो खाली बसली, फरशीवरच.

कागवा आला तो भांडायला.
जुळ्यांचा बाप, सहा एकर केळी, मधून मधून कॉफी.
"सभेत वाचलंस म्हणे, केळीचा कचरा.
ते खोड चिरून मी मुळाशी पसरतो, पोरी.
त्याच्यावर पुढचा कोंब जेवतो.
तू भरलं ताट उचलून नेलंस
आणि वर म्हणतेस, उष्टं होतं."

त्या रात्री तिने अहवालातला तो शब्द खोडला.
दुसरा सुचेना.
जागा कोरीच ठेवली.

पिशव्या केल्या, वीतभर उंचीच्या,
कॉफीच्या रोपांसाठी, काळ्या प्लास्टिकच्या ऐवजी.
पावसात टिकतील?
नाही, ती म्हणाली. टिकणारच नाहीत.
कागवा पहिल्यांदा हसला.

रोपं पिशवीसकट पुरली, त्याच्याच दोन केळींमध्ये.
अकराव्या आठवड्यात त्याने एक उकरलं.
खळ मातीने खाल्ली होती.
धागे होते अजून, तपकिरी, लिबलिबीत,
आणि त्यांच्या फटींतून
पांढरी मुळं निघून गेली होती पलीकडे,
परवानगी न विचारता.

म्हातारा उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.
माती परत लोटली, तळव्याने दाबली.
"बारा खोडं नेली होतीस," तो म्हणाला.
"एक पोचलं."