रविवारी बारा ते दोन

एजंटने शुक्रवारी दाराला चिठ्ठी डकवली:
रविवारी बारा ते दोन घर दाखवायचं आहे,
कृपया त्या वेळात घरी असू नये.
आणि खाली, वेगळ्या पेनाने:
शनिवारी रात्री शक्यतो फोडणी टाळावी.

शक्यतो.
म्हणून दहीभात खाल्ला,
लसणाची चटणी बरणीसकट हेरंबच्या गाडीत ठेवली.
गाडीला आठवडाभर वास, ते निराळं.

सॉमरव्हिलमधलं हे तीन मजली लाकडी घर.
तळाला मालकीणबाई, इदालिना फुर्तादो,
सत्तेचाळीस वर्षं एकाच खिडकीत.
मधे हैतीचे विल्नेर आणि मारी-फ्लोर.
वर आम्ही.
मागच्या गॅलऱ्यांतून एका खांबापर्यंत
कप्पीवरच्या तीन दोऱ्या;
काय वाळतंय त्यावरून कळायचं
कुणाचं काय चाललंय.
मार्चपासून तळची दोरी रिकामी.

मुलगा फ्लोरिडात. त्याने फोनवरूनच
घराचे तीन फ्लॅट करून बाजारात काढले.
त्याला दोष देववत नाही, तीन आकडे आम्हीही पाहिलेत.
आमच्या मजल्याचा ऐकून विल्नेर जिन्यातच बसला
आणि हसत सुटला. म्हणाला,
एवढे असते तर मी तुमच्या खाली कशाला राहिलो असतो?

ट्रेन यावी म्हणून इदालिनाने दारोदार सह्या गोळा केल्या होत्या,
गुडघे दुखत असताना, दोन हिवाळे.
ट्रेन आली.
कोपऱ्यावर पावाची भट्टी होती, तिथे आता
मेणबत्त्या मिळतात, चाळीस डॉलरला एक.

रविवारी दोन चकरा मारल्या. ऊन होतं, पण बोचरं.
दारासमोर रांग लागलेली.
हेरंब म्हणाला, चल, आपणही बघून येऊ.
मी म्हटलं, वेड लागलंय का,
आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

नाव, फोन, सध्याचा पत्ता.
मी खरा तोच लिहिला. एजंटने वाचला नाही.
बुटांवर चढवायला निळ्या पिशव्या दिल्या
आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात
पाहुण्यासारखी शिरले.

ओट्यावर लिंबांची परडी, मोजली, अकरा.
कोण ठेवतं एवढी लिंबं?
देव टॉवेलांच्या कपाटात गेलेले;
त्यांचा कोनाडा दाखवून एजंट म्हणाला,
वाईनसाठी उत्तम.
भरपूर उजेड, तो म्हणाला. हे मात्र खरं,
डिसेंबरातसुद्धा साडेतीनपर्यंत.

एक बाई, सातवा महिना असावा,
तिने विचारलं, ही खिडकी उघडते?
एजंटने वर सरकवली. सोडली.
धाडकन!
अख्खी रांग जिन्यापर्यंत दचकली.

त्या खिडकीला लाटणं लागतं.
सहा वर्षं ती लाटण्यावरच उघडी राहिली आहे,
पोळ्या करायच्या तर आधी खिडकी मिटायची.
सिंकखाली, बादलीत,
आमच्या लपवलेल्या संसारात हात घालून
मी लाटणं काढलं, खिडकीला लावलं.
अशी, मी म्हटलं.

एजंट खूश: बघा, किती हुशार आहेत!
ती बाई मात्र माझ्याकडे बघत राहिली.
मग अगदी हळू म्हणाली, हिवाळ्यात?

मला सांगता आलं असतं
गोठणारा पाइप, पोटमाळ्यातल्या खारी,
फेब्रुवारीत वाफेवर चालणारा तो हीटर
रात्री तीनला कसा ठोके देतो.
किंमत उतरली असती बरीच.
कुणासाठी उतरवायची, हा प्रश्न होता.
मी एवढंच म्हटलं,
उत्तरेच्या खोलीत बाळाला ठेवू नका.

मंगळवारी फोन वाजला. संदेश:
आपण पाहिलेलं घर अजून उपलब्ध आहे,
ऑफर आज पाचपर्यंत.
हेरंबने दोनदा मोठ्याने वाचून दाखवला.
कणीक मळून झाली होती.
मी खिडकी मिटली
आणि लाटणं घेतलं.