रकाना

विडी घरकुलात दुपारी तीनला मी कडी वाजवते.
हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत माझी बाटली.
नळ येऊन आज चौथा दिवस,
कुणाच्या दारात पाणी मागायचं नसतं.

राजव्वा चिलवेरी सुपातनं मान वर काढत नाही.
पानाला कात्री, तंबाखूची चिमूट, दोऱ्याची गाठ.
"घरात माणसं किती?"
"पाच."
मला दिसते ती एकटी, आणि पाळण्यात झोपलेलं मांजर.
"श्रीनिवास पुण्याला, त्याची बायको पण. नातू तिथंच झाला.
नागेश हैदराबादला.
लिव्ह की बाई, ताटं पाचच हायती घरात."

सहा महिने इथं न राहिलेला माणूस
या रकान्यात मावत नाही.
मी एक लिहिते.
काचेवर बोट जरा जड पडतं.

पुढची गल्ली मागांची.
खटखटीत प्रश्न ओरडून विचारावा लागतो.
वर पोटमाळ्यावर नऊ अंथरुणं,
पाळी संपली की एक उठतो, दुसरा त्याच उबेत आडवा होतो.
मुनेश्वर मंडल, कटिहार, चार वर्षं झाली इथं.
"हमको मत लिखिए, दीदी. नाम गाँव में है."
त्याच्या हातचा टॉवेल समुद्रापलीकडं
कुणाचं तरी ओलं डोकं पुसतो.
तो मात्र सोलापुरात नाही.

गेलेल्यांना इथं राहायचंय, आलेल्यांना तिथं,
आणि या दोघांच्या वजाबाकीवर
पाइपलाइनची जाडी ठरते, दवाखान्यातल्या खाटा ठरतात,
माझी शाळासुद्धा.
तेलुगू माध्यम, बाकं चाळीस, पोरं अकरा.
साहेब 'समायोजन' म्हणतात. शब्द मऊ आहे,
धुतलेल्या चादरीसारखा.

बाहेर पडताना दाराशी मुनेश्वरची मुलगी,
शिवणीला जायच्या टॉवेलांची थप्पी मोजत बसलेली.
"एक, दोन, मूडु, नालुगु, पाँच..."
टॅबवर मातृभाषेचा रकाना एकच, तोही छोटा.
"आरु..." सातावर अडली. माझ्याकडं बघितलं.

"एडु," मी म्हणाले.
टॅब पिशवीत टाकला
आणि तिच्या आईजवळ उंबऱ्यावर टेकले,
शाळा सकाळी साडेसातला भरते
एवढंच सांगायला.